खाल्ल्या मिठाचे गुण

ब्रिटनमधल्या चॅनल फोर या वाहिनीने २००५ साली ‘कम डाइन विथ मी’ सुरू करून पाहुणचाराला एकदाची शिस्त लावली. अनोळखी मंडळी आळीपाळीने एकमेकांकडे जेवतात, यजमान सॉस ढवळत असताना त्याच्या शयनगृहातली कपाटं उघडून बघतात आणि परतताना टॅक्सीत बसून दहापैकी गुणांचा आकडा कॅमेऱ्यासमोर धरतात. विजेत्याला हजार पौंड. एरवी यजमानाची निंदा घरी पोचेपर्यंत तोंडी, फुकट आणि बेहिशेबी व्हायची. आता तिची रीतसर नोंद होते.

कुणी म्हणेल, गुण देणारे स्वतःच स्पर्धक, मग न्याय कसला? आक्षेप उथळ आहे. ज्याला बक्षीस नको, तो पाहुणा पुडिंगमधली गुठळी इतक्या तळमळीने शोधेल कशाला? राहता राहिली आपुलकी. ती गुणपत्रिकेत दिसत नाही, त्या अर्थी स्वयंपाकात लागत नसावी. सुधारणा एकच सुचते: यजमानानेही पाहुण्यांना भूक, स्तुती आणि वेळेवर निघणं या तीन विषयांत गुण द्यावेत आणि नापासांना त्याच घरी पुन्हा जेवायला बसवावं. खाल्ल्या मिठाला जागण्याची सक्ती मात्र नको. मीठ कमी होतं, हे टॅक्सीत ठरलेलंच असतं.