एक मीटरखाली केंद्र सरकार

पेण ते रोहा या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांना आता ह्यूस्टनला राहणारा एक भाचा असतो. तो गणपतीला येतो, मोदकांचा फडशा पाडतो आणि जाता जाता अमेरिकेतली एखादी गोष्ट सांगून अख्ख्या आळीची झोप उडवतो. सध्या चलनात असलेली गोष्ट त्याच्या शेजारच्या म्हातारीची आहे. तिच्या आजोबांनी वेस्ट टेक्ससमधलं शेत कधीच विकून टाकलं, पण विकताना जमिनीखालचा खनिज हक्क तेवढा स्वतःकडे ठेवला. आता वर कुणाच्या गाई चरतात याच्याशी म्हातारीला देणंघेणं नाही. खालून तेल आणि गॅस निघतो, आणि दर महिन्याला तिच्या खात्यात पैसे पडतात.

मामांनी हातातली चकली खाली ठेवली. "अरे, आपल्या खाडीलगतच्या शेतात भरतीला बुडबुडे येतात, त्याचं काय?"

भाच्याने मग सविस्तर समजावलं. तिकडे एकाच जमिनीच्या दोन मालमत्ता होऊ शकतात, वरची वेगळी आणि खालची वेगळी. कंपनीचा 'लँडमन' नावाचा माणूस जुनी दप्तरं उपसून खालच्या मालकाच्या वारसांपर्यंत पोचतो. सही केली की एकरामागे बोनस मिळतो. करार साधारण तीन वर्षांचा असतो, पण त्या मुदतीत तेलविहीर लागली की माल निघतो आहे तोवर तो चालूच राहतो. जुन्या करारांत मालकाची रॉयल्टी एक अष्टमांश असे. हल्ली जाणते मालक पाचवा, अगदी चौथा हिस्साही मागतात. त्यातही कंपनी गॅस शुद्ध करण्याचा, दाबण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च कापून घेऊ पाहते, म्हणून करारात कपातीचं कलम नीट वाचावं लागतं. हे सांभाळायला वकील असतात, बँकांत खास विभाग असतात. वारस वाढत गेले की प्रत्येकाचा हिस्सा दशांश चिन्हानंतर आठ आकड्यांपर्यंत काढतात.

आठ आकडे ऐकून मामांना हसू आलं. ज्याच्या सातबाऱ्यावर बेचाळीस नावं आहेत, त्यातली नऊ मयत आहेत, तीन मुंबईत हरवली आहेत आणि एक नाव तलाठ्याच्या हस्ताक्षरामुळे 'गंगूबाई' की 'गणूभाई' हे अजून ठरायचं आहे, त्याला टेक्ससने अपूर्णांक शिकवू नयेत. कोकणात आणे-पैचे हिस्से लागले तेव्हा टेक्ससात तेलाचा पत्ता नव्हता. तिथला स्पिंडलटॉपचा तेलाचा कारंजा उडाला तो १० जानेवारी १९०१ ला.

एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के. हा आकडा रायगडात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नवी मुंबईसाठी पनवेल-उरणच्या जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत गोळीबार झाला, पाच शेतकरी मेले, आणि दि. बा. पाटलांच्या लढ्यानंतर सिडकोची साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. म्हणजे टेक्ससची म्हातारी जे आजोबांच्या एका वाक्यावर मिळवते, तोच आकडा इथे गोळ्या खाऊन मिळाला. तोही जमिनीच्या वरचा, आणि तोही पेण-रोह्याला नाहीच.

मामांच्या आजोबांनी विक्रीखतात असं वाक्य घातलं नाही, कारण त्यांच्याकडे विकायला काही नव्हतं. ते कूळ होते. कुळकायद्याने त्यांना मालक केलं, त्या 'कृषक दिना'ची तारीख होती १ एप्रिल १९५७. तारखेबद्दल त्या वेळी कुणी हसलं नाही, कारण जमीन खरंच मिळाली. पण मिळाली ती किती खोलपर्यंत?

याचं उत्तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये आहे. सरकारने सनदेत स्पष्ट वेगळं लिहून दिलं नसेल, तर खनिज जमिनीवर असो की जमिनीखाली, हक्क राज्य सरकारचा. तेल तर लांबच राहिलं. स्वतःच्या वरकस जमिनीतला मुरूम परवानगीशिवाय काढून विकला, तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि ट्रॅक्टर तहसील कचेरीच्या आवारात. पेणचा मूर्तिकार शाडू गुजरातेतून आणतो ही त्यातल्या त्यात सुखाची गोष्ट. नाहीतर बाप्पाच्या पोटातल्या मातीचीही रॉयल्टीची पावती मागायला कुणी आलं असतं.

मामांनी मात्र हार मानली नाही. त्यांच्या फोनवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता: जमीन ज्याची, खनिज त्याचं. निकाल खरा आहे. ८ जुलै २०१३ चा, थ्रेसियाम्मा जेकब खटल्यातला, केरळातल्या मलबारच्या जमिनींबद्दलचा. फक्त फॉरवर्ड करणाऱ्याने अर्धं वाक्य गाळलं होतं: एखाद्या कायद्याने तो हक्क काढून घेतला नसेल तर. महाराष्ट्रात कलम ४८ आहे. आणि खनिज तेल-वायूचा कारभार १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्याखाली आणि त्याच्या नियमांखाली चालतो. जमिनीवरच्या क्षेत्रात भाडेपट्टा देतं राज्य सरकार, तेही केंद्राची आधी मंजुरी घेऊन. या भाडेपट्ट्यात शेतकऱ्याच्या सहीसाठी रकानाच नाही.

बुडबुड्यांचंही सांगून टाकायला हवं. रायगड उभा आहे तो दख्खनच्या लाव्हाच्या थरांवर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गोठलेल्या काळ्या कातळावर. चिखलातला पालापाचोळा कुजला की निघणारा वायू वेगळा आणि तेलक्षेत्र वेगळं.

तेलक्षेत्र समुद्रात आहे. १९७४ साली 'सागर सम्राट'ने मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळ भेदला, १९७६ च्या मे महिन्यात बॉम्बे हायचं तेल निघायला लागलं, आणि मग ते व त्याचा वायू रायगडाच्या किनाऱ्याला लागले. उरणला ओएनजीसीचा प्रकल्प झाला, थळला राष्ट्रीय केमिकल्सचा खत कारखाना, उसरला गेलचा गॅस प्रकल्प. रोहा तालुक्यातल्या नागोठण्याला आयपीसीएलचं गॅस क्रॅकर संकुल उभं राहिलं, ते २००२ मध्ये निर्गुंतवणुकीत रिलायन्सकडे गेलं. म्हणजे तेल नाही असा हा जिल्हा तेलावायूने वेढलेला आहे. पण रॉयल्टी? राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ प्रमाणे समुद्रतळाखालचं सगळं धन केंद्राचं, आणि त्याची रॉयल्टीही केंद्राकडेच. या एका बाबतीत मंत्रालयातले सचिव आणि पेणचे मामा अगदी एका पंगतीला बसतात. दोघांच्याही पानात काही नाही.

खरी गंमत पुढे आहे. बॉम्बे हायचा वायू उतरणीला लागला आणि अमेरिकेत शेलचा वायू उदंड झाला. त्यातला इथेन तिकडे स्वस्त होता. रिलायन्सने त्यासाठी सहा अजस्र जहाजं बांधून घेतली. ह्यूस्टनच्या जहाजमार्गावरच्या मॉर्गन्स पॉइंटला इथेन उणे तापमानाला द्रव करून भरायचा, गुजरातेत दहेजला उतरवायचा आणि पाइपलाइनने हजिरा व नागोठण्याला पोचवायचा. २०१७ मध्ये हे सगळं सुरू झालं. आज नागोठण्याच्या भट्टीत अमेरिकन इथेन फुटतो आणि त्याचं प्लास्टिक होतं.

म्हणजे ज्या वायूवर टेक्ससच्या म्हातारीने महिन्याचा हिस्सा घेतला, तोच अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून रायगडच्या भातशेताखालून वाहतो. तिच्याच विहिरीतला हा थेंब असं कुणी शपथेवर सांगणार नाही. पाइपात सगळ्यांचा माल एक होतो. पण या प्रवासात खनिजमालकाला हिस्सा मिळाला, जहाजाला भाडं, बंदराला शुल्क, कंपनीला नफा आणि सरकारला कर. राहिला तो शेतकरी. त्याच्यासाठी १९६२ चा कायदा आहे.

पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायदा हा सरकारी सभ्यतेचा उत्तम नमुना आहे. तो जमीन घेत नाही. मालक मालकच राहतो, सातबारा त्याचाच राहतो. फक्त जमिनीचा 'वापर हक्क' आधी केंद्र सरकारकडे आणि तिथून कंपनीकडे जातो. पाइप किमान एक मीटर खाली हवा एवढी अट आहे. टेक्ससमध्ये जुन्या समजुतीप्रमाणे मालकी पृथ्वीच्या केंद्रापर्यंत जाते. आपल्याकडेही केंद्रापर्यंतच जाते, फक्त ते केंद्र मीटरभर खाली लागतं.

या मालकाने मग पाइपवरच्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर किंवा तळं खोदायचं नाही आणि झाड लावायचं नाही. भात लावा, वाल पेरा, कुणी काही म्हणणार नाही. पण कोकणात जो माणूस आंबा लावतो तो नातवासाठी लावतो. त्या पट्ट्यात पाइपला वारस आहे, आंब्याला नाही. मोबदला किती? झालेलं नुकसान भरून मिळतं, आणि वापर हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. एकदाच. बाजारभाव अधिसूचनेच्या दिवशीचा. वाटाघाटीत कुठे जास्त मिळालं असेल तर ती आंदोलनाची कमाई. कायद्यातला आकडा दहाच. अमेरिकेतही पाइपच्या जागेचे पैसे बहुधा एकदाच देतात हे खरं आहे. पण तिथला शेतकरी निदान किंमत सांगून भांडण सुरू करतो. इथे किंमत कायद्यात आधीच छापलेली आहे.

हरकत घेता येते. अधिसूचना भारताच्या राजपत्रात निघाल्यापासून २१ दिवसांत. पेणला किंवा रोह्याला सकाळी चहाबरोबर भारताचं राजपत्र वाचणारा माणूस कुणी पाहिला असेल तर त्याचा जाहीर सत्कार व्हावा. तुलनेने महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या (सेझच्या) वेळी पेण तालुक्यातल्या बावीस गावांचा मोठाच मान राखला गेला होता. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने मतपेट्या लावून शेतकऱ्यांना विचारलं होतं, जमीन द्यायची का? लोकांनी उत्तर दिलं. सरकारने ते अधिकृतपणे जाहीर करण्याचं तेवढं टाळलं. आता विचारण्याचाही व्याप नको म्हणून पाइप खालून जातो.

पैसे आले की मात्र गावात जान येते. ज्या बहिणींनी राखीला साडी घेऊन हक्कसोडपत्रावर अंगठे उठवायचे, त्यांना २००५ चा वारसा कायदा अचानक पाठ असतो. वारसनोंद राहून गेलेली आढळते. मयतांचे दाखले निघू लागतात. धाकट्या काकांच्या मते पाइप त्यांच्या वहिवाटीतून गेला म्हणून सगळी रक्कम त्यांची, थोरल्यांच्या मते मोजणीच चुकली आहे. वाटणीवर एकमत झालं नाही की सक्षम प्राधिकारी हात झटकतो आणि वाद जिल्हा न्यायाधीशांकडे, म्हणजे अलिबागला जातो.

रोह्याहून तारखेला जाणारी एसटी वाटेत उसरवरून जाते. गेलच्या कुंपणाशी आल्यावर पुढच्या बाकावरचे थोरले आणि मागच्या बाकावरचे धाकटे दोघेही खिडकीबाहेर बघतात, एकमेकांकडे नाही. थोरल्यांना पंचाहत्तर पूर्ण झाल्यामुळे तिकीट लागत नाही. दोन्ही बहिणींना २०२३ पासून अर्धं तिकीट. पूर्ण तिकीट फक्त धाकट्यांना पडतं, आणि दाव्यात तेच खर्चासह रक्कम मागताहेत. वकिलाने त्यांना सांगून ठेवलं आहे की एसटीची तिकिटं जपून ठेवा, पुरावा म्हणून लागतील. ती त्यांनी सातबाऱ्याच्याच पिशवीत ठेवली आहेत, आणि पिशवी प्लास्टिकची आहे.