गाडीला कापूस चालत नाही

दसऱ्याच्या दिवशी यवतमाळहून नवी निळी गाडी काढली, वाटेत कळंबच्या चिंतामणीपुढे नारळ फोडला आणि दिवेलागणीच्या आत राळेगावात शिरलो. दारात पोचेपर्यंत तिच्यावर पहिला ओरखडा पडलेला होता. तो मीच पाडला होता. झेंडूचा हार वाऱ्यानं उडू नये म्हणून मी तो बॉनेटवर बारीक तारेनं आवळून बांधला होता, आणि ती तार खड्ड्याखड्ड्याला रंगावर अक्षरं गिरवत आली. मग बायकोनं तुपात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मी ती चिरडली आणि आंबट रस नेमका चकचकीत अलॉय व्हीलवर उडाला. दृष्ट काढण्याचे सगळे उपाय आटोपले तेव्हा गाडी अशी दिसत होती, की तिला दृष्ट लावण्याची कोणाची छाती झाली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली भरली, तिच्यात कपड्याची पावडर टाकली, हात घालून फेस काढला, आणि पुण्याहून मुलाचा फोन आला.

“बाबा, गाडीला हात लावू नका.”

त्याला कसं कळलं ते त्याच्या आईला ठाऊक. पुढची दहा मिनिटं मी ऐकत होतो. कपड्याची पावडर नको, भांड्याचा साबण नको, ऊन नको, झटकणी नको, आणि काही झालं तरी फडका नको. सामान पाठवतोय, ते येईपर्यंत थांबा. चौथ्या दिवशी खोकं आलं. त्यात एक जाडजूड लोकरी दिसणारा हातमोजा, शॅम्पूची बाटली, चाकांचा ब्रश आणि तीन रंगांचे टॉवेल. हा मुलगा जन्मला तेव्हा त्याच्यासाठीसुद्धा एवढं सामान आलं नव्हतं. त्याला माझ्या आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं होतं आणि त्याच्यावर ओरखडा आल्याचं मला तरी आठवत नाही.

शेजारचे काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. ते कुंपणावरून म्हणाले, “गुरुजी, महिनाभर पाणीच लावू नका. रंग कच्चा असते नव्या गाडीचा.” बरीच वर्षं मीही हेच ऐकत आलो होतो. पण कारखान्यात हा रंग १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजून निघतो. आमच्या मे महिन्यातले ४५ अंश म्हणजे त्याला पौषातली सकाळ. कच्चेपणा असतो तो ठोकर खाऊन गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागाला. तो काही आठवडे जपावा. कंपनीतून आलेली गाडी दुसऱ्या दिवशीही खुशाल धुवावी. कशी धुवावी एवढाच प्रश्न.

आईला हे सगळं कळलं ते तिनं आपलं ठेवणीतलं लुगडं फाडून फडका आणून दिला तेव्हा. तीस वर्षं धुऊन धुऊन ते कापड सायीसारखं झालेलं. मी म्हटलं, “आई, गाडीले कापूस चालत नाई.”

“काय चालत नाई?”

“कापूस. सुती फडक्यानं ओरखडे पडतात म्हणते तुझा नातू.”

पंच्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईनं यातली साठेक वर्षं तरी कापूस वेचला आहे. पहिल्या वेचणीला वावरात सीतादही केलेलं आहे, सरकी बैलांना घातलेली आहे, पऱ्हाटीच्या काड्यांवर चूल पेटवलेली आहे. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “जनमल्यावर मानूस कापसात. देवापुढं वात कापसाची. मेल्यावर नाकात कापूस. अन् तुह्या गाडीले चालत नाई?”

याला चौतीस वर्षं शाळेत शिकवूनही उत्तर सुचलं नाही. म्हणून मी खोलात जायचं ठरवलं. निवृत्त शिक्षकाजवळ तेवढंच एक भांडवल असतं.

गाडीचा रंग म्हणजे एकावर एक चढवलेले थर. सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. चकाकी त्याची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या घरातला. म्हणजे जिच्यापायी मी पाच वर्षं हप्ते भरणार, ती चकाकी एका केसापेक्षा पातळ! त्याहून जाड माल एकेकाळी माझ्या डोक्यावर फुकट उगवत होता आणि मी त्याची कदर केली नाही. या पातळ थरावर आपल्या रस्त्यावरची धूळ बसते. धुळीत नुसती माती नसते. गिट्टीचा चुरा असतो, मुरूम असतो, गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटी काचेवरसुद्धा रेघ ओढते. कोरडा फडका घेऊन आपण ही धूळ पुसतो असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण ती घासत असतो. एकेक रेघ दिसत नाही, पण वर्षभरानं गाडी उन्हात उभी करावी आणि बॉनेटमधल्या सूर्याकडे पाहावं. त्याच्याभोवती कोळ्यानं जाळं विणलेलं दिसतं. गावातल्या कुठल्याही काळ्या गाडीवर हे पाहायला मिळेल. मी पाहत हिंडलो. दोन मालकांनी गाडी विकत घेताय का म्हणून विचारलं.

मग लुगड्याचा दोष काय? मुलाला विचारलं. तो जरा अडखळला. कापूस काही रंगापेक्षा कठीण नाही, हे त्यानं कबूल केलं. अडचण अशी, की सपाट विणीच्या कापडात खडा अडकला की तो कापड आणि रंग यांच्या मध्येच राहतो आणि हात फिरेल तिकडे फिरतो. त्या जाड मोज्याच्या आणि टॉवेलच्या लांब लवीत तो आत ओढला जातो. शिवाय लुगड्याला काठ असतो, टाके असतात. “काठ काढून टाकते,” आई म्हणाली. पण तोवर मला वाचता वाचता दुसरंच काही सापडलं होतं.

१८४६ साली शोनबाइन नावाच्या बाझेलच्या रसायनशास्त्रज्ञानं कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून भडकन पेटणारा कापूस केल्याचं जाहीर केलं. आख्यायिका अशी, की हा प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात चालला होता. आम्ल सांडलं, त्यानं बायकोचा सुती एप्रन घेऊन ते पुसलं आणि एप्रन शेगडीवर वाळत टाकला. तो वाळला आणि क्षणात जळून नाहीसा झाला. (बायको परत आल्यावर काय झालं हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात नाही. इतिहास असा अर्धवट लिहितात.) त्या कापसापासून पुढं बिनधुराची दारू झाली आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीनं ती अफाट प्रमाणावर केली. युद्ध संपलं, कारखाने रिकामे झाले. त्याच नायट्रोसेल्युलोजपासून १९२३ साली त्यांनी गाड्यांचा रंग बाजारात आणला. नाव ड्युको. तोवर गाडीला व्हार्निशाचे थर चढवून वाळवत बसायला आठवडे लागायचे. हा रंग तासांत वाळायचा. आणि या रंगासाठी कापूस कुठला, तर रेच्यातून रुई निघून गेल्यावर सरकीवर जी आखूड लव चिकटून राहते ना, ती! आपल्याकडे सरकी ढोरांपुढे टाकतात, तिच्या अंगावरची लव. जनरल मोटर्सची १९२४ सालची ओकलंड ही गाडी या रंगात पहिल्यांदा रंगली. ती निळी होती.

माझीही निळीच. मी पुस्तक मिटून बाहेर गेलो आणि गाडीकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. आपल्याकडे सुतार अजूनही कपाटाला ‘डुको मारू का’ म्हणून विचारतो. त्याला आणि मला, दोघांनाही ठाऊक नव्हतं की तो सरकीचं नाव घेतोय.

आता मात्र ते दिवस गेले. आजच्या गाडीच्या रंगात कापूस नाही, आणि ती पुसायच्या टॉवेलमध्ये तर नाहीच. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या जातीचे धागे, केसाहून कितीतरी बारीक चिरलेले. कापसाच्या मुलखात, जिनिंगपासून हाकेच्या अंतरावर, मी पेट्रोलियमच्या धाग्यानं गाडी टिपणार होतो. आईला ड्युकोची गोष्ट सांगितली. तिनं एवढंच विचारलं, “अन् सरकीचा भाव काय होता तवा?”

रविवारी सकाळी सातला मुहूर्त धरला, कारण ऊन चढलं की शॅम्पू पत्र्यावरच वाळतो. डिकीपाशी गेलो तर धुळीत कोणा पोरानं बोटानं ‘गूरुजी’ लिहून ठेवलेलं. कोरड्या धुळीत बोट फिरवणं म्हणजे पॉलिशपेपर फिरवणं, हे मला आता नीट माहीत होतं. पण पहिला उकार दीर्घ होता. चौतीस वर्षांची सवय. मी बोटानंच तो पुसून ऱ्हस्व केला. ते ‘गुरुजी’ उन्हात अजूनही दिसतं, आणि शुद्ध दिसतं.

नंतर चाकं. मुलाचा हुकूम होता, की चाकं आधी धुवायची, त्यांची बादली वेगळी, ब्रश वेगळा. ब्रेक लागतो तेव्हा डिस्क आणि पॅड झिजून लोखंडाचा बारीक भुगा उडतो आणि चाकाला चिकटतो. तोच मोजा बॉनेटवर फिरला तर खेळ संपला. गाडी नुकतीच लांबून आलेली असेल तर चाकं निवू द्यायची, तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारायचं नाही. काकांनी तेवढ्यात फरशी धुवायचं अ‍ॅसिड आणून देण्याची तयारी दाखवली, “एका फटक्यात चांदी होते चाकाची.” चांदी होत नाही. वरचं लॅकर जातं आणि खालचं अ‍ॅल्युमिनियम डागाळतं. मी हात जोडले.

आईला मात्र चाकं आधी हे पटेना. “तुहा बाप पोळ्याले नाल्यावर बैल धुये, तं पाठीपासून धुये. मंग पोट. केसाच्या वळनानं हात फिरवे, उलटा नाई. खूर आखरीले.” वडील बैलाला पाणी घालतानाचं चित्र माझ्याही डोळ्यांपुढे होतं. एका हातानं पाणी ओतायचे, दुसरा हात सावकाश खाली, आणि बैल डोळे मिटून उभा. तो ओला हात मुलानं पाठवलेल्या मोज्यापेक्षा कितीतरी मऊ होता. खरं म्हणजे वरून खाली, आधी पाण्यानं माती सुटू द्यायची, जोर लावायचा नाही, हे सगळं आई सांगत होती तसंच मुलाच्या यादीतही होतं. तंटा फक्त पायांचा. मी समजावू लागलो, की चाकांचे शिंतोडे धुतलेल्या अंगावर उडतात म्हणून आधी. ती थांबली, विचार केला आणि स्वतःच निकाल दिला.

“पाय पयले कोनाचे धुतेत? पाव्हन्याचे. हप्ते फिटेपरेंत हे पाव्हनीच हाय.”

चाकं आधी धुतली.

पुढचं सोपं होतं. एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मोजा फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळून काढायचा, मगच पुन्हा शॅम्पूत. छत, काचा, बॉनेट, दारं, आणि दारांचा खालचा चिखली भाग सगळ्यात शेवटी. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी जी काळी रेती बसली ती पाहून काकाही गप्प झाले. एसटीत असताना ते एकाच बादलीत आख्खी बस धूत असत. आता वाळवणं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की गिझरच्या कॉइलवर चुनखडी धरते. तेच पाणी गाडीवर थेंबाथेंबानं वाळलं की पांढरे गोल डाग पडतात आणि मग ते घासून काढायचा मोह होतो. म्हणून लगेच टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं. टॉवेल पसरायचा, हलकेच दाबायचा, उचलायचा. लेकराचं नाक पुसणं आणि देवाची मूर्ती टिपणं यांतला जो फरक, तो.

नळीऐवजी बादल्या घेतल्या होत्या, तरी सहा लागल्या. उन्हाळ्यात हे करण्याची माझी हिंमत होणार नाही. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसासमोर क्लिअर कोटची गोष्ट काढता येत नाही.

गाडी लखलखली. पंधरा मिनिटांनी छतावर धप्प आवाज झाला. समोरच्या चिंचेवरचं वानर. त्यानं आरशात स्वतःला पाहिलं, दात दाखवले, आणि ओल्या पायांचे ठसे काचेवरून बॉनेटपर्यंत उमटवत निघून गेलं. हे मुलाच्या यादीत नव्हतं.

दिवाळी सरली तसे कापसाचे ट्रॅक्टर आमच्या रस्त्यानं जिनिंगकडे जाऊ लागले. ताडपत्रीतून सुटलेला कापूस हवेत तरंगतो, बाभळीच्या काट्यांना लटकतो आणि रात्री दवानं भिजलेल्या गाडीवर येऊन बसतो. सकाळी निळी गाडी पिकलेल्या केसांची दिसते. “चालत नाई म्हने,” आई ओसरीवरून म्हणायची. मी पाणी टाकून ती लव सोडवायचो, टिपायचो, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच.

परवा बायकोनं ते तिन्ही टॉवेल कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकले. आईची लुगडी, माझे पंचे, चादरी, सगळं सुती. ते टॉवेल वेगळे धुवायचे असतात, ही सूचना खोक्यावर लिहिलेली होती, पण खोकं केव्हाच चुलीत गेलं होतं. टॉवेल बाहेर आले ते पांढरे होऊन. घरातल्या सगळ्या कपड्यांची सुटलेली लव त्यांच्या चिरलेल्या धाग्यांत गच्च रुतून बसली होती. झटकून निघेना, ब्रशनं निघेना. मी ते कठड्यावर टाकले आणि मुलाला काय सांगायचं याचा विचार करत आत गेलो.

बाहेर आलो तर आई उन्हात बसलेली, टॉवेल मांडीवर, आणि दोन बोटांनी एकेक पुंजका उचलून पदराच्या ओटीत टाकत होती. डोळ्यांना नीट दिसत नाही, पण बोटं थांबत नव्हती. तास-दीड तासात तिन्ही टॉवेल स्वच्छ झाले आणि ओटीत लिंबाएवढा बोळा जमला.

“याले सीसीआय घेईन का?” तिनं विचारलं.

“ओलावा जास्त निघेल,” मी म्हटलं. “आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात.”

“कापतेत तं,” ती म्हणाली. उठली, भिंतीला धरत अंगणात आली आणि तो बोळा उलगडून बॉनेटवर, उन्हाच्या बाजूला, वाळत घातला.