तात्यांची हाक

शिवनेरीचं नाव काढलं की तात्यांच्या कपाळावर आठी पडते. महाराजांविषयी प्रश्नच नाही, शिवजयंतीला फेटा बांधून सगळ्यांच्या आधी तेच उभे असतात. तक्रार आहे ती पायथ्याच्या लिंबूसरबताबद्दल. "जिथं सरबत मिळतं ती जागा संपली," हा तात्यांचा सिद्धांत. या हिशेबानं लेण्याद्री संपलं, ओझर संपलं, आणि नाणेघाट शनिवार-रविवारपुरता संपला. "दोन हजार वर्षांपूर्वी जकात टाकायला दगडी रांजण ठेवला लोकांनी. परवा डोकावलो तर आत वेफर्सची पिशवी. घ्या जकात!"

तात्या बोरी बुद्रुकचे. सारी नोकरी कुकडीच्या कालव्यावर पाटकरी म्हणून गेली. पाणी एकाच्या रानात सोडायचं आणि त्याचं भरणं होईपर्यंत ओढे, घळी, टेकाडं हिंडत बसायचं. निवृत्तीनंतर पाणी सुटलं, हिंडणं तेवढं राहिलं. खांद्याला शबनम, हातात घुंगरं बांधलेली काठी, आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्या आवाजात भजन. भजन भक्तीचं नाही, बिबट्याचं. जुन्नर तालुक्यात दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या वाटेनं गुपचूप जाणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाही तर मूर्ख. मी दोन्ही होतो.

"लांब आहे का तात्या?" असं एकदाच विचारलं. "छ्या, हाकेच्या अंतरावर." तात्यांची हाक साधारण नऊ किलोमीटर ऐकू जाते. आणे घाटात गुळुंचवाडीजवळ ओढ्यानं खालचा खडक पोखरून वर आपोआप पूल ठेवलाय, तो दाखवायला त्यांनी मला भर उन्हात नेलं. पूल खरोखर पाहण्यासारखा आहे. कल्याण-नगर रस्त्यानं जाणाऱ्या हजारो गाड्यांना त्याचा पत्ता नाही, आणि तो लागू नये अशी तात्यांची मनापासून इच्छा. एक गाडी थांबली आणि आतल्या गृहस्थांनी "इथं काही बघण्यासारखं आहे का?" असं विचारलं. तात्या गंभीरपणे म्हणाले, "काय नाय. फुडं आळेफाट्याला मिसळ चांगली मिळते."

एवढं असूनही एक सल होता. खाण. त्यांचे मेहुणे चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत होते. दर दिवाळीला येऊन पाळण्यातून जमिनीखाली उतरण्याच्या गोष्टी सांगायचे, आणि तात्या फराळाचं ताट पुढ्यात तसंच ठेवून ऐकायचे. इकडं जुन्नरला सगळा काळा पाषाण, ना कोळसा ना मँगनीज. मग तात्यांनी दिसेल त्या भोकाला खाण म्हणायला सुरुवात केली. खडी काढून सोडून दिलेली खदान ही 'जुनी खाण', आटलेली विहीर ही 'उभी खाण'. एका 'आडव्या खाणी'त त्यांनी गुडघ्यावर शिरून बॅटरी मारली, तेव्हा आतल्या साळिंदरानं काटे फुलवून मालकी हक्क सांगितला. मेहुण्यांना ही खाण कळवण्यात आली नाही.

जुन्नरच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत, त्यांच्याविषयी मात्र त्यांनी एकदा असं काही सांगितलं की मी जागच्या जागी उभा राहिलो. "लेणं म्हंजी उलटी खाण. खाणवाला माल नेतो, भोक टाकून देतो. ह्यांनी माल दरीत फेकला अन् भोक जपलं." मेहुण्यांना हे पत्रानं कळवण्यात आलं.

खरा खजिना मात्र घरामागंच. बोरीच्या शिवारात कुकडीच्या काठी, मातीच्या थरांत एक पांढुरका पट्टा आहे. चिमटीत चोळला तर पिठासारखा, तरी किंचित खरखरीत. ही ज्वालामुखीची राख, पण इथल्या नाही. सह्याद्रीचा लाव्हा तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही आली सुमात्रा बेटावरच्या टोबातून, ३,००० किलोमीटरांहून जास्त अंतर वाऱ्यावर काटून. इथंच आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या, म्हणून पुण्याच्या डेक्कन कॉलेजची मंडळी या काठावर बसून गेली. राखेच्या वयावरून शास्त्रज्ञांत जुनं भांडण आहे. कुणी १४ लाख वर्षं मोजली, कुणी ६ लाख ७० हजार. रसायन तपासणारे म्हणतात, ही टोबाच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाभयंकर स्फोटाचीच.

तात्यांनी हे भांडण आपल्यापुरतं मिटवलंय. वय ते पाहुणा बघून सांगतात. मी पहिल्यांदा रिकाम्या हातानं गेलो, तर ७४ हजार. पुढच्या खेपेला बाकरवडी नेली, तर ६ लाख ७० हजारांवर चढलो. १४ लाखांचा मान अजून फक्त जावयाला मिळालाय.

गेल्या उन्हाळ्यात मला बरणीत जपलेली राख हातात घेऊन दाखवावी म्हणून तात्या आत गेले आणि मोकळी बरणी घेऊन बाहेर आले. मागून काकू दुधाचं पातेलं घेऊन. पातेलं असं लखलखत होतं की त्यात तात्यांचा पडलेला चेहरा स्पष्ट दिसत होता.

"मला वाटलं, रांगोळीतली उरलेली," काकू म्हणाल्या. "पण करपलेलं एका हातात निघालं हो!"

निघणारच. ती राख म्हणजे काचेचे बारीक कण. तात्यांना धीर यावा म्हणून मी सांगून टाकलं की आंध्रात ज्वालापुरमला टोबाची हीच राख भांडी घासायच्या पावडरीसाठी लोक खणून काढत आलेत.

तात्या थबकले. "खणून? म्हंजी तिथं खाण आहे?"

"हो, एक प्रकारे."

"म्हंजी आपली पण खाणच की!" आणि त्यांनी चंद्रपूरला फोन लावला. भजन बंद करायला विसरल्यामुळं मेहुण्यांना आधी दोन मिनिटं विठ्ठल ऐकावा लागला.

आतून काकूंचा आवाज आला, "खाण असू द्या. संध्याकाळी येताना बरणीभर आणा, तांब्याचा बंब राहिलाय."