धरमपेठेतले बसकाका

धरमपेठेत बंगला बिल्डरला दिला की माणसाच्या हाती दोन फ्लॅट, बरी रोकड आणि अख्खा दिवस येतो. रोकड बायको सांभाळते. दिवसाचं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघायचं असतं. काही जण अंबाझरीला फेऱ्या मारू लागतात, काही सोसायटीचे सेक्रेटरी होऊन बाकीच्यांचं पाणी बंद करतात. आणि एखादा शाळेची जुनी बस विकत घेतो. या शेवटच्या जातीला आमच्याकडे बसकाका म्हणतात.

बसकाका शक्यतो व्हीआरसीईचे मेकॅनिकल असतात. 1960 साली निघालेल्या या कॉलेजचं व्हीएनआयटी होऊन वीस वर्षं कधीच उलटली, पण काकांपुढे ते नवं नाव काढू नये. तुमच्या इंजिनिअरिंगबद्दलच त्यांना शंका येते. नोकरी वेकोलित नाहीतर वीज मंडळात झालेली. जन्मभर टेंडर काढून काम दुसऱ्याकडून करून घेतलेलं, त्यामुळे स्वतः हातात पाना धरायची हौस निवृत्तीपर्यंत तुंबून राहिलेली. मुलगा हिंजवडीत, मुलगी न्यू जर्सीत. खूळ तिथूनच येतं. अमेरिकेत लोक शाळेची बस घेतात, बाकडी उपटतात, आत पलंग, ओटा, संडास बसवतात आणि बायकोपोरांना घालून देशभर हिंडतात. अशा बसला तिकडे 'स्कूली' म्हणतात. मुलगी गंमत म्हणून व्हिडिओ पाठवते. काका वही-पेन घेऊन तो चारदा बघतात.

मग आठवडाभर शेजाऱ्यांची शाळा. 1939 साली न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर या प्राध्यापकानं परिषद भरवली आणि शाळेच्या बसचा पिवळा रंग ठरवून टाकला. पहाटेच्या अंधुक उजेडात त्या रंगावरची काळी अक्षरं लवकर वाचता येतात म्हणून. ही माहिती मला गोकुळपेठेच्या बाजारात, हातात मेथीची जुडी असताना मिळाली. 1964 मध्ये केन केसी नावाचा कादंबरीकार अशीच एक जुनी स्कूल बस भडक रंगवून मित्रांसकट अमेरिका पालथी घालायला निघाला, हेही काका सांगतात. ते मित्र वाटेत काय काय घेत होते ते काकूंना सांगत नाहीत.

बस येते आणि गल्लीत तीन गाड्यांची जागा अडवून उभी राहते. धरमपेठेत पार्किंगवरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेत, तिथं ही बस. पण काकांना कोणी सरळ बोलत नाही, जाता जाता फक्त विचारतात, "काय काका, काय करून राहिले?"

"घर बनवून राहिलो," काका बसखालून उत्तर देतात.

"मग वरचं काय झालं?"

वरचं म्हणजे चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. त्यात काकू राहतात.

बाकडी निघतात. एका बाकड्याखाली कुण्या पोरानं पाचवीपासून दहावीपर्यंत चिकटवलेलं च्युइंगम सापडतं. वाडीचा वेल्डर येतो, इतवारीतल्या लोहाओळीतून अँगल येतात. खिडक्यांचे आडवे गज मात्र काका काढू देत नाहीत. पोरांनी मुंडकं बाहेर काढू नये म्हणून बसवलेले ते गज काकूंना टॉवेल वाळवायला फार सोयीचे पडतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एका खात्यापित्या घरातले सगळे आरोपी तारखेला नेऊन राहिले.

खरी मेहनत कूलरवर होते. नागपूरकर हिमालयात गेला तरी कूलर कुठल्या खिडकीला लागेल ते आधी बघतो, त्यात काकांची सहल मेमध्ये, पोरांना सुट्ट्या तेव्हाच म्हणून. नवतपा, पारा पंचेचाळिसाच्या वर. एसी लावा म्हटलं तर काका दुखावतात; वाळ्याच्या ताटीचा वास एसीला येतो का? मग संकटकालीन दाराला कूलर बसतो, छतावर दोनशे लिटरची टाकी चढते, खाली इन्व्हर्टरची बॅटरी.

"अहो, ते दार आग लागली तर पळायला आहे," काकू म्हणतात.

"कूलरमध्ये पाणी आहे नं," काका म्हणतात.

आता कागद. आपल्याकडे बसचं घर करायला वेल्डर एक महिना घेतो, बाकीचा काळ कागदांचा. मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम सांगतं की नोंदणीपत्रात लिहिलेल्या गाडीत मनमानी बदल करायचे नाहीत. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक वेगळं. महाराष्ट्रानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, त्याची प्रत काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. गिरीपेठेचं आरटीओ ऑफिस धरमपेठेला लागूनच, त्यामुळे सकाळचं फिरणं तिकडेच होतं. माझं स्पष्ट मत आहे की काका बसपेक्षा या फायलीत जास्त रमतात. निवृत्तीनंतर कुणी त्यांना त्रुटी काढून दाखवत नव्हतं. आता पुन्हा पत्राला उत्तर, उत्तराला स्मरणपत्र, खाली सही, वर जावक क्रमांक. जावक रजिस्टरही त्यांनी घरी घातलं आहे.

नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निर्वाळा दिला की एकूण वजन 7500 किलोपर्यंत असलेली व्यावसायिक गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. देशातल्या लाखो ड्रायव्हरांना दिलासा मिळाला. धरमपेठेत एका घरी संत्रा बर्फी वाटली गेली. पण त्या दिवसापासून काकांच्या डोक्यात वजन शिरलं. बसच्या नोंदणीपत्रावरचा आकडा 7500च्या जरासाच अलीकडे. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, कूलर इतका, गाद्या इतक्या, काकूंच्या पुऱ्यांचे डबे इतके. एकदा तांदूळ तोलायचा काटा हातात आला की माणूस नातेवाइकांपर्यंत पोचतोच. येणाऱ्या प्रत्येकाला फोन जातो: "येऊन राहिले नं? वजन काय तुमचं?" सुनेनं स्वतःचं वजन सांगितलं नाही, लॅपटॉपचं सांगितलं. काकूंच्या भावाला मात्र थेट सुचवण्यात आलं, "मामा, तुम्ही रेल्वेनं या, आम्ही स्टेशनवर घ्यायला येतो." मामा तेव्हापासून बोलत नाहीत, आणि वजन वाचलं म्हणून काकूंनी पापडाचा एक डबा वाढवला.

निघायची वेळ पहाटे पाच. साडेदहाला बस हलते. पिवळा रंग अजून तसाच, कारण रंगबदलाचा अर्ज फायलीत आहे. लॉ कॉलेज चौकात उन्हाळी शिबिराला निघालेली दोन पोरं दप्तरासकट आत चढतात आणि काकू त्यांना सांबारवडी देऊन उतरवतात. नागपूर सोडायच्या आधी तर्री पोह्यांसाठी गाडी थांबते. घरून खाऊन निघाले असले तरी थांबते. पहिला ब्रेक लागतो तेव्हा कूलरचं पाणी पुढे येऊन आत्याबाईंच्या मांडीत बसतं. आत्याबाई म्हणतात, "बाप्पा, छान गार वाटून राहिलं." घरातली काकांच्या बाजूची ती एकच व्यक्ती.

आराखड्यात लेह होतं. नागपूर देशाच्या मधोमध, झिरो माइलचा दगड साक्षीला, तेव्हा कुठंही जा, सगळं सारखंच लांब, हे काकांचं गणित. मुलाची रजा चार दिवसांची निघाल्यावर लेहचं पचमढी झालं. यात हार काही नाही. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूरहून पचमढीलाच जायचं. काका म्हणतात, आपण परंपरा पाळतो. समृद्धी महामार्गाचं नाव मुलानं काढून पाहिलं. जून 2025 पासून तो 701 किलोमीटरचा रस्ता मुंबईकडे पार आमण्यापर्यंत खुला झाला आहे, लहान गाड्यांना ताशी 120ची मुभा. पण शाळेच्या बसला वेग बांधून ठेवणारा गव्हर्नर असतो आणि काकांनी तो जपून ठेवला आहे. "इतक्या घाईनं जाऊन करायचं काय?" ते विचारतात. त्यांचं म्हणणं, रस्त्याच्या कडेला टपरी नसेल तर तो रस्ता कसला.

सौसर, छिंदवाडा, मग तामियाचा घाट. चढावर बस दम टाकते. काका इंजिनकडे कान लावून हात वर करतात आणि सगळे वजनाच्या उतरत्या क्रमानं खाली उतरतात. सून पहिली उतरली, चिडून. नातवंडं बसच्या पुढे पळत जातात आणि वळणावर तिची वाट बघत बसतात.

पचमढीला पोचल्यावर काकांची खरी सहल सुरू होते. धूपगडचा सूर्यास्त बघून म्हणतात, "चांगलं आहे. पण आपल्या सेमिनरी हिलवर काय कमी आहे?" तलाव दिसला की अंबाझरीशी मोजतात, तलाव नापास. हॉटेलचे पोहे बघून तर्री मागतात आणि नाही म्हटल्यावर पोऱ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. बसमध्ये वाळ्याचा वास, गोळाभात, घरचं पाणी, घरच्या उशा. वर नागपूरचं कालचं वर्तमानपत्र, तेही शिळं म्हणून घडी न मोडलेलं. धरमपेठ सोडून जायला बस घेतली म्हणावं, तर यांनी बसभर धरमपेठच नेलेली असते. माझ्या मते बसकाकांच्या प्रवासाचं प्रयोजन एवढंच आहे: बाहेर कुठंही आपल्यासारखं नाही, हे दरवर्षी प्रत्यक्ष जाऊन तपासणं. या कामासाठी शाळेची बस योग्यच म्हणायची; सगळे एका डब्यात बसतात, हजेरी लागते आणि घंटा होईपर्यंत कुणाला उतरता येत नाही.

परतल्यावर सून म्हणते पुढच्या वर्षी विमानानं जाऊ. मुलगा गप्प असतो. नातवंडं मात्र बसमध्येच झोपायचा हट्ट धरतात आणि काका त्यांच्यासाठी रात्रभर कूलर चालू ठेवतात, गल्लीत.

तेव्हा वाचकहो, ट्रॅफिक पार्कच्या बाजूला गजांवर टॉवेल लटकलेली पिवळी बस उभी दिसली तर खुशाल आत डोकावा, चहा मिळेल. मायलेज विचारू नका, तासभर जाईल. आणि काकांनी वजन विचारलं तर खरं सांगा, काटा बसमध्येच आहे.