पाणी अडवा, न्हाणीत जिरवा

प्रति,
श्री. फरशी ठेकेदारसाहेब,
मुक्काम : सध्या दुसऱ्या साइटवर

सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी. इतके दिवस मी फोनवर विसंबून होतो. मागच्या मंगळवारी तुम्ही तो उचललात आणि ‘सर, पाच मिनिटांत पोचतोच’ म्हणालात, म्हणून चहाही टाकला होता.

तुमचं कोटेशन माझ्यासमोर आहे. धाकट्याच्या वहीच्या मागच्या पानावर तुम्ही ते २०२४च्या ऑगस्टात लिहून दिलंत. पत्ता : सावेडी, अहमदनगर. काम आठ दिवसांचं. शेवटचे पैसे घेताना ज्या चिठ्ठीवर सही केलीत, तिच्यावरचा पत्ता : सावेडी, अहिल्यानगर. मधल्या काळात राजपत्रात अधिसूचना निघून १४९० साली वसलेल्या शहराच्या जिल्ह्याचं नाव बदललं, आणि आमच्या बाथरूमची एक भिंत तेव्हाही उघडीच होती. सरकारी कामाला वेळ लागतो, असं मी ह्यापुढे कुठे बोलणार नाही.

पण पत्राचा हेतू अभिनंदनाचा आहे. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. राळेगणसिद्धीने नाले अडवले, हिवरे बाजारने डोंगरावर समतल चर खणले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, असे नियम त्या गावाने स्वतःला घालून घेतले. पाऊस किती पडला आणि पाणी किती वापरायचं, ह्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडला. केवढं श्रमदान, केवढा वेळ! तुम्ही तेच आमच्या ५ बाय ७च्या बाथरूममध्ये एका बिगाऱ्याला हाताशी धरून साधलंत.

पाणी जाळीकडे जातच नाही. ते आधी दाराकडे येतं, उंबऱ्याशी थबकतं, कमोडला वळसा घालून कोपऱ्यात साठतं आणि तिथे जिरतं. पाझर तलावाचं पाणी खालच्या विहिरींना लागावं, तसं ते झोपायच्या खोलीतल्या भिंतीला लागलं आहे. कपाटामागचा रंग फुगला. पातळी वाढल्याचा पुरावा म्हणून मी फोटो पाठवला, त्यावर तुम्ही अंगठा पाठवलात. मुळा धरणाचं पाणी ज्या दिवशी नळाला येत नाही, त्या दिवशीही आमच्या कोपऱ्यात असतं.

गवंडीकामात इंचाचे आठ सूत. बाथरूमला फुटामागे एक सूत उतार दिला, की पाणी आपल्या पायांनी जाळीपर्यंत जातं. ७ फुटांना सात सूत. पुरता इंचही होत नाही. एवढ्याशा कामात चूक ती कसली होणार? उतार तुम्ही दिला आहेच. फक्त दाराच्या दिशेने.

आपल्या गावाला ह्यात परंपरा आहे म्हणा. फराहबागेचा महाल १५८३ साली पुरा झाला. आधी उभा केलेला मुर्तझा निजामशहाला पसंत पडला नाही आणि त्याने तो पाडून पुन्हा बांधायला लावला, अशी हकिकत सांगतात. ती वाचल्यापासून मला राजेशाहीबद्दल थोडी आपुलकी वाटू लागली आहे. त्या महालाची रचना अशी की चहूकडे तलाव आणि मधोमध इमारत. तुम्ही चहूकडे इमारत ठेवून मधोमध तलाव केलात. पाडायला लावण्याइतकं सैन्य माझ्याकडे नाही, हे तुम्ही पहिल्या भेटीतच ताडलं असणार.

आता हॉलकडे वळतो. तिथली जुनी शहाबादी चुन्यात बसवलेली होती. ती उखडताना तुमचा ब्रेकर दोनदा बंद पडला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तिच्या जागी मोरबीहून आलेल्या २ बाय २च्या ११२ व्हिट्रिफाइड टाइल्स बसल्या. आमची आई रोज दुपारी रुपयाचं नाणं घेऊन त्या वाजवत फिरते. भरीव असली तर ‘ठक’, पोकळ असली तर ‘डब’. कालपर्यंत ३१ ‘डब’ झाल्या. पाहुण्यांना ती हात धरून भरीव टाइलांवरून नेते.

इथे एक गोष्ट लिहायची माझ्या मनात नव्हती, पण हे पत्र खुलं आहे. जुनी सिरॅमिक टाइल आधी बादलीत भिजत घालत. ती पाणी प्यायची आणि मग सिमेंट धरायची. ही नवी टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही. मग पाठीला सिमेंटचा घोळ नुसता फासून काय होणार? तिला केमिकल लागतं, तेही दातेरी थापीने सगळीकडे ओढून. हे मला कुठून कळलं? तुम्हीच सांगितलं होतं. स्क्वेअर फुटामागे वाढीव पैसे सांगितलेत, तेव्हा मी म्हणालो, ‘अहो, आमच्या वडिलांच्या काळात कुठे होतं केमिकल?’ तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘सर, तुम्ही म्हणाल तसं.’ त्या वाक्यात काय काय भरलेलं असतं, ते मला आता रोज दुपारी नाण्याच्या आवाजात ऐकू येतं. शेवटी भिंतींपुरतं केमिकल घ्यायचं ठरलं. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, असे पाच लाडू ठेवून तुम्ही टाइल चिकटवलीत. लाडवांमधली जागा पोकळ राहते. ती झुरळांना मिळाली.

स्पेसरचंही तसंच. ‘फट दिसते हो, घाण बसेल’ हे सौभाग्यवतींचं मत, आणि तुम्ही त्याचा ताबडतोब मान राखलात. टाइलला टाइल, भिंतीला टाइल, कुठे श्वास घ्यायला जागा नाही. मे महिन्यात एका दुपारी फरशी तापून वाढली, आणि वाढायला जागा न मिळाल्याने सोफ्यासमोरच्या दोन टाइल्स एकमेकींना रेटत तंबूसारख्या उभ्या राहिल्या. आवाज असा झाला, की सिलिंडरच उडाला समजून आम्ही अंगणात पळालो. अंगणातली शहाबादी जागच्या जागी होती.

एका वकील स्नेह्याला विचारलं. तो म्हणाला, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, बिल दाखव. बिल घेतलं असतं तर १८ टक्के जीएसटी लागला असता, आणि ‘बिल कशाला, आपण घरचेच’ हे वाक्य दुर्दैवाने माझं आहे. मी वहीचं पान पुढे केलं. त्याच्या उलट बाजूला मुलाने काटकोन त्रिकोणाचं प्रमेय सोडवलेलं होतं. स्नेह्याने तेच दोनदा वाचलं, मग आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे पाहिलं, जिथे तुम्ही गुण्या लावला नव्हता, आणि चहा मागितला.

कळावे, लोभ असावा. येताना लेव्हल पाइप आणावा.

आपला,
एक बिनबिलाचा ग्राहक, सावेडी

ता. क. : ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली, तेव्हा तिच्यात जास्तीत जास्त ५० हजारांचं अनुदान होतं. तुमची मजुरीही त्याच घरातली. म्हणून आमच्या तळ्यासाठी अर्ज करावा म्हटलं, तर चौकशीत कळलं की सोबत सातबाराचा उतारा जोडावा लागतो. आमच्याकडे उतार असता, तर अर्ज कशाला केला असता?