आकाशवाणीचा तास तंतोतंत भरण्याची पद्धती

नभोवाणीच्या शास्त्रात काळ दोन प्रकारचा मानला जातो : घड्याळाचा, जो थांबत नाही, आणि वक्त्याचा, जो आटोपत नाही. या दोहोंचा सांधा श्रोत्यास कळू न देता जुळवण्याच्या क्रियेस बॅक-टायमिंग, म्हणजे शेवटाकडून मागे येत आरंभ ठरवणे, अशी संज्ञा आहे.

भिलाईच्या भट्ट्यांना चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनीच्या खाणींलगत वसलेले अहिवारा हे या शास्त्राचे फल तपासण्यास योग्य स्थळ होय. १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाले, त्या वेळी अहिवाऱ्याचा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच मोडत होता. त्यामुळे पुढे १९६३ साली रायपूर केंद्र आले तरी येथील मराठी घरांतल्या रेडिओच्या सुईला ५८५ किलोहर्ट्झवरील नागपूरची ओढ राहणे शास्त्रसंमतच मानावे लागते.

आता कृती. सकाळी साडेआठला मराठी बातम्या यावयाच्या आहेत, आणि त्यांच्या पूर्वघोषणेस २० सेकंद लागतात, असे धरावे. फिलर, म्हणजे उरलेली फट बुजवणारे वाद्यसंगीत, ४ मिनिटे ५० सेकंदांचे असल्यास ते ८ वाजून २४ मिनिटे ५० सेकंदांनीच सुरू करावे. मात्र त्या क्षणी शेतीतज्ज्ञ तुडतुड्यांच्या बंदोबस्ताविषयी बोलत असल्याने फेडर, अर्थात आवाज चढवणारा दांडा, पूर्ण खाली ठेवावा. तज्ज्ञ २६ मिनिटे ३५ सेकंदांनी थांबले, की आधीच १ मिनिट ४५ सेकंद मुकी वाजलेली सतार अलगद वर आणावी. ती २९ मिनिटे ४० सेकंदांनी आपोआप समेवर येते, आणि उद्घोषकाच्या अंगी जन्मजात अचूकता असल्याचा समज पसरतो.

तज्ज्ञ लवकर थांबले तर सतार अधिक मिळते, ही दुर्मीळ अवस्था होय. शास्त्रीय गायनास मात्र ही रीत लागू पडत नाही, कारण भैरवाला पहाट लागते हे गवयास ठाऊक असते, तर ती पहाट ६ वाजून २९ मिनिटे ४० सेकंदांनी संपते हे केवळ ड्युटी ऑफिसरास. तेथे द्रुत बंदिशीच्या ऐन तिहाईवर दांडा हळूहळू खाली ओढणे आणि नंतर गवयाच्या समोरून न जाणे, एवढेच उपाय ग्राह्य आहेत.

या पद्धतीमुळे अहिवाऱ्यातील नित्य श्रोत्यास त्या सतारीचा शेवट तोंडपाठ होतो. तिचा आरंभ त्याने कधीच ऐकलेला नसतो.