श्रीयुत हॉब्सन आणि श्रीयुत जॉब्सन यांस खुले पत्र

श्रीयुत हॉब्सन आणि श्रीयुत जॉब्सन यांस,

सा. न. वि. वि.

आपण दोघेही कधी जन्माला आला नाहीत, ही बाब या पत्राच्या आड येऊ नये. कारण न जन्मता आपण इंग्रजी भाषेत जी कामगिरी बजावली, ती जन्मलेल्या अनेक पंडितांना साधलेली नाही. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या सोजिरांच्या कानी पडला आणि त्यातून आपली अस्सल इंग्रजी वाटणारी दोन आडनावे निघाली. पुढे हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीचा कोश रचला, तेव्हा १८८६ साली तो आपल्याच नावाने लंडनला प्रसिद्ध झाला. परका शब्द स्वभाषेतील ओळखीच्या शब्दांच्या वळणावर नेऊन बसवण्याच्या प्रवृत्तीस आता ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ असेच म्हटले जाते. शोकाच्या आरोळीचा नियम व्हावा, हे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते.

या नियमाचा भरघोस प्रसाद नाशिकजवळच्या देवळालीला मिळाला असून प्रस्तुत पत्राचे प्रयोजनही मुख्यतः तेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे ब्रिटिश फौजेची छावणी होती आणि नोकरीची मुदत भरलेले सैनिक मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे राहत. ही जहाजे साधारणतः थंडीच्या मोसमातच सुटत; त्यामुळे ज्याची मुदत ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर संपे, त्याला धड नोकरी नाही आणि धड घर नाही अशा अवस्थेत पुढचे कित्येक महिने काढावे लागत. रिकामपण, दारू आणि हिवताप यांच्या संगतीत एखाद्याचे डोके फिरले, की त्याला ‘डूलॅली टॅप’ झाला असे बरोबरीचे सैनिक म्हणत. यातील ‘डूलॅली’ म्हणजे देवळाली, हे उघड आहे. ‘टॅप’ हा शब्द मात्र जो इंग्रजी कोशात पाहू जाईल त्याला पाण्याचा नळ सापडेल, फार तर खांद्यावरची हलकी थाप सापडेल, आणि वेडाचा नळाशी संबंध कोणता या विचाराने त्याचेच डोके फिरण्याची वेळ येईल. हा ‘टॅप’ म्हणजे साधा ‘ताप’ होय, आणि तो डोक्याला कसा होतो हे मराठी माणसाला कोशाने सांगावे लागत नाही. कालांतराने हा ताप उतरला, म्हणजे मागचा शब्द गळाला, आणि नुसते ‘डूलॅली’ उरले. मुंबईकरांच्या अनेक पिढ्या हवापालटासाठी ज्या गावच्या सॅनिटोरियममध्ये जाऊन राहिल्या, त्या गावाचे नाव इंग्रजी कोशात अशा रीतीने भ्रमिष्टपणाचे विशेषण झाले; हवेविषयीचा दोन्ही पक्षांचा अनुभव खरा मानला, तर फरक परतीच्या तिकिटाचा असावा.

आपल्या इतर कामगिरीतही हीच युक्ती दिसते. ‘चोकी’ म्हणजे तुरुंग हा बोलीतला शब्द ऐकणाऱ्यास गळा घोटण्याच्या अर्थाचे इंग्रजी क्रियापद आठवते आणि व्युत्पत्ती पटल्यासारखी वाटते, परंतु तो शब्द आमच्या ‘चौकी’वरून गेलेला आहे. ‘कुशी’ म्हणजे आरामाची नोकरी. तिचा कुशनशी काही संबंध नसून ती ‘खुशी’ची मुलगी आहे. ‘द चीज’ म्हणजे अगदी हवी तशी, नामी गोष्ट. हे पनीराचे कौतुक नसून उर्दू ‘चीज’ असावी, असे यूल आणि बर्नेल यांनी सुचवले. ‘गोडाऊन’मध्ये इंग्रजीतले ‘खाली जा’ स्पष्ट ऐकू येत असले, तरी तो शब्द मलय भाषेतून आणि बहुधा त्याआधी दक्षिण भारतातून आलेला आहे. मराठीने ‘वखार’ बाजूस सारून तो इंग्रजी समजून आयात केला, हा व्यापार कोणत्या खात्यात मांडावा हे एखाद्या मुनीमालाच विचारावे लागेल.

तथापि नियमाचा अंमल फार ताणला की काय होते, याचेही उदाहरण आपल्याच कोशात आहे. ‘मला कवडीचीही पर्वा नाही’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारातील ‘डॅम’ हा शिवीवाचक शब्द नसून ‘दाम’ हे जुने नाणे असावे, अशी कल्पना तेथे मांडली आहे. ज्या भाषेत दमडीचीही किंमत नसलेल्या वस्तू मुबलक आहेत, तिच्या वाचकाला ही कल्पना तत्काळ पटते. ऑक्सफर्डच्या कोशाने मात्र ती चतुर पण निराधार म्हणून निकालात काढली. सारख्या ध्वनीवर विसंबून अर्थ लावण्याची खोड सोजिराला असते तशीच कोशकारालाही असते, एवढाच बोध त्यातून व्हावा. सोजिराचा तो शब्द ठरतो आणि कोशकाराची ती चूक ठरते, हा थोडा अन्याय आहे.

याहून मोठा अन्याय दुसराच आहे. देशी शिपायांनी ‘हू कम्स देअर’ या पहाऱ्यावरच्या इंग्रजी ललकारीचे ‘हुकूमदार’ केले, तेव्हा त्यांनी आपल्याच नियमाचे तंतोतंत पालन केले होते. पण त्यांच्या नावाने कोश निघाला नाही. उलट इंग्रजी शिकलेल्या हिंदी माणसाचा शब्द जरा घसरला की ती ‘बाबू इंग्लिश’ ठरे आणि तिच्या टिंगलीवर १८९७ सालच्या ‘बाबू जबरजी’सारखी पुस्तके लंडनात निघत. राज्यकर्त्याने चुकीचे ऐकले तर भाषेत भर पडते आणि प्रजेने चुकीचे उच्चारले तर हसू होते, ही वाटणी आपण दोघांनी केलेली नाही, हे मान्य आहे. पण तिचा लाभ आपणास झाला, हे आपणही मान्य करावे.

सबब विनंती अशी, की पुढील आवृत्तीत ‘टॅप’ या शब्दाखाली नळाच्या शेजारी तापालाही थोडी जागा मिळावी.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक कोशवाचक

ता. क. : सिराज-उद्-दौला यास आपल्या बांधवांनी ‘सर रॉजर डाउलर’ करून राजाला न विचारताच ‘सर’ ही पदवी बहाल केली होती. १७५७ च्या प्लासीनंतर त्याची गादी गेली आणि प्राणही गेले. पदवी काढून घेतल्याचा हुकूम मात्र निघालेला दिसत नाही.